अळणावर ते दांडेली : आत्याच्या गाडीच्या वाटेवर तीन दिवस

आमच्या घरात "दांडेलीची गाडी" हे दोन शब्द मला कळायला लागल्यापासून ऐकतोय. आत्याचं लग्न १९७४ साली झालं, मामा (म्हणजे तिचे यजमान, आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) दांडेलीच्या पेपर मिलमध्ये कामाला, त्यामुळं बेळगावची पोरगी एकदम जंगलात गेली आणि माहेरी यायचं म्हणजे तीन गाड्या. दांडेलीहून अळणावर, अळणावरहून लोंढा, लोंढ्याहून बेळगाव. तिन्ही मीटरगेजच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात अळणावर-दांडेली फाट्यावरची माणसांची गाडी बंद झाली आणि आत्याचं माहेरी येणं वर्षातून चार वेळचं एकदोन वेळवर आलं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, कॉलेजात होतो, आपल्याच नादात. पण हल्ली आत्या थकलीय, फोनवर बोलताना तेच तेच सांगते, आणि त्या सांगण्यात गाडी हमखास येते, म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत ठरवलं की ती ज्या वाटेनं यायची त्याच वाटेनं उलटं तिच्याकडं जायचं, जिथं गाडी आहे तिथं गाडीनं, जिथं नाही तिथं रुळाच्या कडेकडेनं जमेल तेवढं चालत आणि उरलेलं बसनं. बायको म्हणाली कारनं दोन-अडीच तासांत पोचशील. पोचलो असतो. पण मला ती वाट बघायची होती.

दिवस पहिला, शनिवार : बेळगाव ते लोंढा

सकाळची पॅसेंजर पकडली. देसूर, इदलहोंड, मग खानापूर. खानापूरला मलप्रभेवरचा पूल येतो, फेब्रुवारीत पाणी कमीच, पण ही नदी आमच्या कणकुंबीला उगम पावते आणि पुढं जाऊन कृष्णेला मिळते हे लहानपणी शाळेत घोकलेलं, त्यामुळं पूल आला की आजही मान खिडकीकडं वळतेच. खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "कुठं जायलायस बाळ?" म्हटलं दांडेलीला. "मग ह्या गाडीत कशाला बसलास? बस हाय की." सगळं सांगितलं तसे ते गप्प झाले, मग गुंजी आल्यावर माउलीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "आमची थोरली बहीण पण दिली होती तिकडंच. बघून ये, चांगलं करायलायस."

गुंजीनंतर जंगल लागतं. बेळगाव जिल्हा म्हटलं की लोकांना ऊस, तंबाखू, काळी माती आठवते, पण खानापूर तालुक्याचा हा भाग बघितला नाही त्यांनी बेळगाव अर्धंच बघितलं असं माझं मत आहे.

लोंढा. जंक्शन. इथून एक फाटा कॅसलरॉक-दूधसागरवरून गोव्यात उतरतो, एक हुबळीकडं आणि एक आपल्या बेळगाव-मिरजेकडं. थोडा इतिहास इथंच सांगून टाकतो कारण तो कळल्याशिवाय दांडेलीचा फाटा कळत नाही. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा दख्खनच्या या दक्षिण भागात धान्य आत पोचवायला रेल्वेच नव्हती, माणसं तडफडून मेली. त्यानंतर जे दुष्काळी भागातले रूळ टाकायचं ठरलं त्यातून १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. खर्च कमी म्हणून मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. त्याच सुमारास इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार होऊन मुरगाव बंदर जोडायचं ठरलेलं होतं, आणि १८८८ पर्यंत घाट उतरून मुरगावपर्यंत गाडी गेली. पुढं १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेबरोबर एक झाली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे हे नाव आलं. आमचे आजोबा शेवटपर्यंत "एमएसएम" म्हणायचे, १९५१ ला ती सदर्न रेल्वेत गेली, मग साउथ सेंट्रल आली, मग साउथ वेस्टर्न, आजोबांसाठी मात्र एमएसएमच.

तर मुख्य लाइन झाली, बंदर जोडलं गेलं, आणि मग नजर गेली काळी नदीच्या खोऱ्यातल्या सागवानावर. उत्तर कन्नड जिल्हा, म्हणजे दांडेलीचाच, तेव्हा मुंबई इलाख्यात होता, बेळगाव आणि धारवाडही मुंबई इलाख्यातच. जंगल होतं, लाकूड होतं, ते बाहेर काढायला वाट नव्हती. म्हणून शंभरएक वर्षांपूर्वी अळणावरहून दांडेलीकडं एक फाटा काढला. तो काढला लाकडासाठी, हे लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच येतं.

लोंढ्याच्या चहाच्या गाड्यावर एक रिटायर्ड रेल्वेवाले काका भेटले. तीस वर्षं नोकरी केलेली, खाली वाकून बोलायची सवय, ऐकू कमी येतं. त्यांना विचारलं की एका टोकाला बंद असलेल्या फाट्यावर गाड्या सोडायचे कशा, सिग्नलबिग्नल काय. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला आणि गाड्यावरची स्ट्रॉबेरी बिस्किटांची बरणी आणि साखरेचा डबा मांडून समजावलं. मुख्य लाइनला सिंगल रूळ असला की दोन स्टेशनांत टोकनची यंत्रं असतात, लोखंडी गोळा बाहेर निघाला की दुसरा निघत नाही, तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. पण लहान फाट्याला जिथं पुढं रस्ताच नाही तिथं एवढा खर्च कोण करणार, तिथं "वन ट्रेन ओन्ली" म्हणजे एका वेळी एकच गाडी आत. लाकडाची दांडी एकच. ती ड्रायव्हरकडं दिली की फाट्यावर तो एकटा राजा, तो परत येऊन दांडी देईपर्यंत दुसरं इंजिन आत जाणार नाही. "बाळ, त्यात काही बिघडायचंच नाही," काका म्हणाले, "दांडी एक म्हणजे गाडी एक. साधं असतं ते टिकतं."

रात्री रामनगरला मित्राकडं. रामनगर हे गाव कसं वसलं हे बाहेरच्या कितीजणांना माहीत असेल ठाऊक नाही. काळी नदीवर सुप्याचं धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथून उठलेली माणसं इथं आणून वसवली. मित्राची आई सुप्याची. जेवताना तिनं विचारलं आत्याचं घर नदीच्या कुठल्या अंगाला, मी सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे आमच्यावरून वाहून आलेलं पाणी पितात की." आणि ताटात अजून एक भाकरी वाढली.

दिवस दुसरा, रविवार : लोंढा ते अळणावर, आणि पुढं चालत

लोंढ्याहून हुबळीकडची पॅसेंजर. नागरगाळी, तावरगट्टी, अळणावर. दोन्ही बाजूला झाडी, मधेच पोरं गुरं घेऊन उभी. नागरगाळीला एक बाई मोठी पाटी घेऊन चढली, पाटीत पडवळ आणि काकड्या, अळणावरच्या बाजारात न्यायच्या. तिला तिकिटाचे पैसे आणि बसचे पैसे यातला फरक तोंडपाठ. म्हणाली बसनं गेलं की पाटीचं वेगळं भाडं, कंडक्टर कटकट करतो, गाडीत पाटी पायाशी ठेवली की झालं. एवढं साधं. रेल्वे कुणाला परवडते आणि कुणाला नाही याची चर्चा चालते तेव्हा ही पाटी कुणाच्या हिशोबात असते का असं मनात आलं.

अळणावर धारवाड जिल्ह्यात, पण हे गाव तीन-चार भाषांचं आहे. स्टेशनबाहेर एका गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली, गाडेवाला गिऱ्हाइकाशी कन्नडात, बायकोशी उर्दूत आणि माझ्याशी मराठीत. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्याला चिंचेचा-कांद्याचा मसाला लावून वरून फुटाण्याची डाळ कुटून घातलेलं, आपल्या भडंगाचा ओला भाऊ. आत्या सांगते की अळणावरला गाडी बदलायची तर दीड-दोन तास सहज जायचे आणि पोरांना गप्प ठेवायला हेच. तिनं सांगितलेला तोच गाडा असणं शक्य नाही पण मी दोन प्लेट खाल्ल्या.

मग दांडेलीच्या फाट्याकडं गेलो. रूळ जागेवर आहेत. ते आता ब्रॉडगेजचे, मीटरगेज गेलं. नव्वदच्या दशकात सगळीकडं एकच गेज करायचा युनिगेजचा कार्यक्रम सुरू झाला, १९९२ पासून, मिरज-लोंढा-हुबळी सगळं रुंद झालं, आणि त्या धामधुमीत दांडेलीची माणसांची गाडी जी थांबली ती थांबलीच. मी रुळावर चढलो नाही, कडेच्या पायवाटेनं चाललो, पायवाट चांगली मळलेली होती म्हणजे गावातली माणसं रोजच जातात. रुळाचा माथा तांबूस. ज्या रुळावरून रोज गाडी जाते त्याचा माथा चांदीसारखा दिसतो, हा नव्हता. स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ठोकळे, सिमेंटचे. खडीत टाकळा आणि घाणेरी उगवलेली, एका ठिकाणी तर घाणेरीला बारीक लाल-पिवळी फुलं आलेली आणि त्यावर फुलपाखरं.

तासभर चालल्यावर शेत लागलं. कुंपणाला खांब म्हणून जुन्या रुळाचे तुकडे पुरलेले, पुरुषभर उंच, एकावर गुळाची ढेप वाळत ठेवायची फळी बांधलेली. शेतकरी काका आले, हल्याळकडचं मराठी, आमच्यापेक्षा थोडं वेगळं, ऐकायला गोड. "हे लहान गाडीचे रूळ," म्हणाले. लहान गाडी म्हणजे मीटरगेज. लिलावात भंगाराच्या भावानं मिळाले. मी हात फिरवला, रुळाच्या पोटावर उठावदार अक्षरं असतात, कंपनीचं नाव आणि साल, पण इथं गंजानं सगळं सपाट झालेलं, बोटाला फक्त एक वळण लागलं, ते आठ होतं की तीन कळलं नाही. काकांना विचारलं गाडी कधीची आठवते. ते म्हणाले वेळ आठवते. गाडी गेली की म्हशी पाण्यावर न्यायच्या. "आता गाडी नाही, पण म्हशी त्याच वेळेला ओरडायच्या पहिल्या वर्षी. जनावराला कोण सांगणार बंद झाली म्हणून."

पुढं झाडी दाट होत गेली आणि एकट्यानं जाऊ नको असं काकांनी स्पष्ट सांगितलं, अस्वलं आहेत. ऐकलं. परत फिरलो, अळणावरहून हल्याळची लाल बस, हल्याळहून दांडेलीची. पोचलो तेव्हा आत्या दारात उभी होती. "किती वाजता निघालास?" म्हटलं काल सकाळी. तिला हसू आवरेना. "आम्ही पण तेवढाच वेळ घ्यायचो रे."

दिवस तिसरा, सोमवार : दांडेली

सकाळी अंगणात चहा. आत्याच्या अंगणात आंब्याखाली एक बाक आहे, मी कितीतरी वर्षं त्यावर बसलोय, कधी नीट बघितलं नव्हतं. मामा म्हणाले, "कशावर बसलायस माहीत आहे का? लहान गाडीचा स्लीपर आहे तो." गेज बदललं तेव्हा लाकडी स्लीपर विकले गेले, मामांनी सहा घेतले, चार दाराच्या चौकटीत गेले, एक कुजला, एक हा.

मग मामांनी आतून टेप आणली आणि आम्ही दोघांनी मोजायला घेतलं. लांबी सहा फूट. रुंदी आठ इंच, जाडी साडेचारच्या आसपास. लाकूड मत्तीचं, म्हणजे आपला ऐन, मामा पन्नास वर्षं दांडेलीत, झाड ओळखण्यात चुकत नाहीत. दोन्ही टोकांपासून थोडं आत, जिथं रूळ बसायचा तिथं लाकूड किंचित तासलेलं. आणि ते सपाट तासलेलं नाही, आतल्या बाजूला उतार आहे, नखाएवढा. मी विचारलं झिजलंय का. मामा म्हणाले नाही, रूळ कधी सरळ उभा नसतो, तो आत कललेला असतो, वीसास एक, कारण गाडीच्या चाकाची कडा पण तशीच तिरकी असते, तिरक्यावर तिरकं बसलं की चाक आपोआप मध्ये राहतं. सुताराला तो उतार हातानं तासावा लागायचा. प्रत्येक स्लीपरला दोन. मी बोट ठेवून बघितलं, कुणीतरी वाकसानं मारलेले घाव अजून तिथं आहेत, एकापुढं एक, बारीक पायऱ्यांसारखे.

खिळ्यांची भोकं चौकोनी. आतल्या बाजूच्या दोन भोकांतलं अंतर मोजलं तर चौऱ्याण्णव सेंटीमीटर निघालं. म्हटलं मामा, मीटरगेज म्हणतात मग मीटर कुठाय. त्यांनी मातीत काडीनं रुळाचं चित्र काढलं, वर डोकं अरुंद, खाली पाय रुंद. गेज मोजतात डोक्याच्या आतल्या कडेपासून डोक्याच्या आतल्या कडेपर्यंत. खिळा मात्र पायाच्या कडेला, पाय डोक्यापेक्षा आत आलेला, म्हणून दोन्हीकडचे तीन-तीन सेंटीमीटर कमी. बरोबर मीटर होतो. ब्रॉडगेजचं हेच अंतर एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटर. मी तिथंच बाकावर बसून एक हात एका रुळाच्या जागेवर आणि दुसरा दुसऱ्या जागेवर ठेवला. माझ्या दोन हातांत मावेल एवढ्या रुंदीवरून पाऊणशे वर्षांचं लाकूड, बांबू, कागद, नवऱ्या, बाळंतिणी, पाट्या सगळं गेलेलं.

दुपारी तिघं मिळून फिरलो. आधी टिंबर डेपो, बाहेरूनच. ओंडक्यांच्या राशी, प्रत्येकाच्या तोंडावर नंबर आणि घेर-लांबी लिहिलेली, आणि वनखात्याच्या हातोडीचा ठसा. मामा म्हणाले तो ठसा नसेल तर ओंडका चोरीचा धरतात. पूर्वी जंगलात हत्ती ओंडके ओढायचे, डेपोतून वॅगनमध्ये चढायचे, वॅगनी अळणावरला. पेपर मिल १९५५ ला स्थापन झाली, ती चालू झाल्यावर बांबू आला, कागद गेला, फाट्याला दुसरं आयुष्य मिळालं. त्यानंतर उलटं फिरलं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, तोड कमी झाली, आजूबाजूचं जंगल अभयारण्य होतंच, पुढं वाघांसाठी राखलं गेलं. जंगल वाचलं हे चांगलंच झालं, यात माझ्या मनात काही शंका नाही. उरलेला माल ट्रकनं जाऊ लागला. आणि वॅगनी कमी झाल्या तशी गाडी तोट्यात दिसायला लागली.

इथं आत्या बोलली, आणि मला वाटतं एवढ्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच सरळ बोलली. "ती गाडी मिक्स्ड होती. पुढं वॅगनी, मागं आमचे दोन-तीन डबे. कुठंही थांबायची, वॅगन जोडायची, वॅगन सोडायची, आम्ही उतरून पोरांना भरवायचो, करवंदं काढायचो, परत चढायचो. आमच्यासाठी कधी थांबली नाही ती, पण आम्हाला चालायचं. लाकूड जायचं म्हणून आम्ही जायचो." मग थोड्या वेळानं, "लाकूड बंद झाल्यावर कुणी विचारायला आलं नाही की डब्यात कोण बसतं."

मामा म्हणाले विचारलं असतं तरी काय सांगणार होतीस. आत्या म्हणाली, "सांगितली असती की नावं. सगळी माहीत होती." आणि तिनं खरोखर सांगायला सुरुवात केली, दवाखान्याला धारवाडला जाणारी अमुक, दर गुरुवारी लोणी घेऊन अळणावरला जाणारी तमुक, हुबळीला शिकायला असलेला मास्तरांचा मुलगा जो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी ती नावं इथं लिहीत नाही पण चौदा होती, मी मोजली.

शेवटी आंबेवाडी स्टेशन, दांडेलीच्या कडेला. प्लॅटफॉर्मवर रंगकाम झालेलं, नवीन खडी पडलेली, काहीतरी हालचाल दिसत होती. एका कामगाराला विचारलं तर म्हणाला गाडी येणार आहे म्हणतात. आत्यानं त्याच्याकडं बघितलं, "म्हणतात ते पंचवीस वर्षं म्हणायलेत बाबा," आणि बाकड्यावरची धूळ पदरानं पुसून बसली. बराच वेळ बसलो. ऊन उतरल्यावर निघालो.

नंतर

हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, तेव्हाच टाईप करणार होतो, राहून गेलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात गाडी खरंच आली. बेळगावचेच खासदार सुरेश अंगडी तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, त्यांच्या हस्ते धारवाडहून अळणावरमार्गे आंबेवाडीपर्यंतची पॅसेंजर सुरू झाली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोविडनं ते गेले. त्याआधी मार्चमध्ये देशभरातल्या गाड्या थांबल्या तेव्हा ही पण थांबली.

पण त्या मधल्या चार-साडेचार महिन्यांत डिसेंबरातला एक दिवस आम्हाला मिळाला. मी अळणावरला जाऊन थांबलो आणि आत्या-मामा आंबेवाडीहून गाडीत बसून आले. आत्यानं जरीची साडी नेसली होती. खिडकीतून मला बघून तिनं हात केला नाही, हातात डबा होता, तो वर उचलून दाखवला. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. मी म्हटलं चला, आता लोंढ्याला जाणाऱ्या गाडीत बसू, बेळगावला रात्री पोचू.

"घाई काय आहे," म्हणाली. "अळणावरला दोन तास बसायचे असतात. गिरमिट कुठाय ते सांग."